जागा नमूद नाही

“सर, ही सातवी,” मी म्हणाले आणि फाइल यादवाडकर सरांच्या टेबलावर ठेवली.

सर गठ्ठ्यावर शिक्के मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. “सातवी कसली?”

“लघवीच्या इन्फेक्शनची. फिमेल सर्जिकल वॉर्ड. ह्या बाईलाही ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. ॲडमिट झाली तेव्हा लघवीचा रिपोर्ट स्वच्छ होता.”

“डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी काय लिहिलंय?”

“यूटीआय.”

“मग यूटीआयला एन ३९.० घालायचा आणि फाइल कपाटात लावायची. आपण डॉक्टर आहोत का, लोखंडे?”

मी नाही म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. फाइल मात्र कपाटात लावली नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या एका गावी ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल होतं, त्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मला लागून आठ महिने झाले होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. घरी गेलेल्या किंवा वारलेल्या प्रत्येक पेशंटची फाइल आमच्याकडे यायची. ती वाचायची, आजार कोणता ते बघायचं आणि त्याचा ठरलेला नंबर पहिल्या पानावर लिहायचा, एवढं आमचं काम. जगात सगळीकडे तेच नंबर चालतात. एन ३९.० म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा नमूद नाही. डॉक्टर घाईत तीन अक्षरं लिहून मोकळे व्हायचे आणि आम्ही हा नंबर घालून मोकळे व्हायचो.

पण माझ्या जाडजूड पुस्तकात आणखी दोन नंबर होते. लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे संसर्ग झाला असेल तर टी ८३.५. आणि आजार हॉस्पिटलात असताना झाला असेल तर सोबत वाय ९५. आमच्या खोलीत वाय ९५ लिहिलेली एकही फाइल मी तोवर पाहिली नव्हती.

त्यात अठरा दिवसांवर मानांकनाची तपासणी आली होती. बाहेरून पथक येणार म्हणून भिंतींना रंग लागत होता. अशा वेळी सात फाइलींवर वाय ९५ लिहिणं म्हणजे काय, ते सरांना कळत होतं आणि मलाही. यादवाडकर सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती त्यांची. हे काम मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवयही त्यांनीच लावली होती.

जेवणाच्या सुट्टीत सर बाहेर गेले तेव्हा मी सातही फाइली काढून ओळीनं मांडल्या. प्रत्येकीत लघवीच्या कल्चरचा कागद होता. जंतू तोच. कोणती औषधं चालतात आणि कोणती नाहीत, त्याचा तक्ताही सातही कागदांवर तोच, जणू एकाच्या सात प्रती काढल्या होत्या. सातही बायकांना नळी घातलेली होती. सहा जणी औषधं बदलून, जास्तीचे आठ-दहा दिवस काढून घरी गेल्या होत्या. राहिलेली एक, गोदाबाई चोपडे, वय एकाहत्तर, न्हाणीत घसरून खुबा मोडला म्हणून आली होती. तीन दिवस ताप, मग रक्तदाब उतरला, मग संपलं. कागदावर कारण होतं हृदयक्रिया बंद पडल्याचं.

मी एका चिठोऱ्यावर प्रत्येकीच्या तापाची तारीख लिहिली आणि तिच्यापुढं खाटेचा नंबर. चार. पाच. सात. आठ. दहा. अकरा. बारा.

मधल्या सहा आणि नऊ नंबरच्या बायकांना नळी नव्हती, ते मी नंतर तपासलं. पण त्या आधीच मला ओळ दिसली होती. हा आजार हवेतून उडत नव्हता. खाटेमागून खाट, खिडकीच्या बाजूच्या रांगेनं तो पुढं सरकत होता. वॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, सतरापासून तीसपर्यंत, एकीलाही काही झालेलं नव्हतं.

खिडकीच्या बाजूची रांग माझ्या आईकडं होती.

माझी आई, हौसाबाई लोखंडे, त्या हॉस्पिटलात अकरा वर्षं मावशी होती. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याच महिन्यात ती झाडलोटीला लागली आणि हळूहळू वॉर्डात आली. पेशंटना उठवणं-बसवणं, अंग पुसणं, भांडी देणं, हे सगळं ती करायची. बायका तिचं नाव काढायच्या. अकरा वर्षं ती कंत्राटावर होती आणि त्या महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. माझा कोर्सही तिनंच मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मागं लागून करून घेतला होता.

त्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळी घरी गेले तर आई दारात बसून मेथी निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले, एक जुडी ओढून घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की सकाळी वॉर्डात गेल्यावर आधी काय करतेस.

तिला बरं वाटलं असावं. तिच्या कामाबद्दल मी कधी विचारत नव्हते. तिनं सगळं बैजवार सांगितलं. आल्या आल्या केर, मग पाणी, मग साडेसातला लघवीच्या पिशव्या मोकळ्या करायच्या, कारण आठाला डॉक्टर येतात आणि सिस्टरला माप लिहायचं असतं, आणि दुपारी पाळी सुटताना पुन्हा एकदा.

“कशात मोकळ्या करतेस?”

“भांडं हाय की मापाचं. चारपास्नं सुरू करती, सोळापातूर एका दमात.”

“एकच भांडं?”

“आधी दर खाटंला येक हुतं. दिवाळीपास्नं फुटत गेली. दुसऱ्या बाजूला शांताकडं चार उरल्यात, माझ्याकडं येक.”

“मधे धुतेस का गं?”

“शेवटाला धुती की, फिनेल घालून चांगलं. मधी धुवत बसलं तर डॉक्टर यायच्या आत व्हायचं कसं?” मग ती दोन्ही हातांनी दाखवू लागली. “पिशवीची तोटी भांड्याच्या काठाला अशी टेकवायची, म्हंजी येक थेंब खाली सांडत न्हाई. शांता सांडती. मी न्हाई सांडत.”

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. आईनं विचारलं, काय झालं, बरं नाही का वाटत. मी म्हणाले, डोकं दुखतंय.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण आईचा स्वभाव मला माहीत होता. कळल्याबरोबर ती उठली असती, तडक वॉर्डच्या मुख्य आवळे सिस्टरपुढं उभी राहिली असती आणि म्हणाली असती, बाई, माझ्या हातून असं असं झालंय. मग एका बाईचा जीव गेला त्याचं खापर फोडायला सगळ्यांना एक डोकं मिळालं असतं. यादीतून नाव गेलं असतं, कदाचित पोलिसही आले असते. आधी नीट विचार करू, कुणाचं नाव न येता सांगायची वाट शोधू, अशी मी मनाची समजूत घातली.

बुधवारी सकाळी डिस्चार्जच्या फाइली आणायला वॉर्डात गेले. एरवी शिपाई जायचा. खाट नंबर चौदावर नवी बाई होती. प्रतिभा हुलवान, गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. चौतिशीच्या असतील. आदल्या दिवशी गर्भपिशवीच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. खाटेच्या दांडीला पिशवी लटकत होती. मी तिच्याकडं बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही हौसामावशींच्या वैजयंती ना? मघाशी वेणी घालताना तुमचंच सांगत होत्या.” त्यांच्या केसांची घट्ट, नीट वेणी खांद्यावर होती.

मी काहीतरी हसून बोलले आणि निघाले. नर्सिंग स्टेशनपाशी आवळे सिस्टर होत्या. त्यांच्यापाशी थांबले. म्हणाले, सिस्टर, मापाची भांडी कमी आहेत का वॉर्डात. त्या म्हणाल्या की नवी दोन डझन येऊन पडली आहेत स्टोअरला, पण तपासणीच्या आदल्या दिवशी काढायची आहेत, आत्ता काढली तर तोवर मळतील. आणि मग माझ्याकडं रोखून बघत विचारलं, “तुला काय करायचंय त्याच्याशी?”

“काही नाही, आई म्हणत होती.”

“आईला सांग, पंधरा दिवस काढ म्हणावं.”

मी खाली आले. एक निनावी चिठ्ठी लिहिली, फाडली. दुसरी लिहिली, तीही फाडली. माझं अक्षर सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं, रोज शंभर कागदांवर असायचं. संध्याकाळी घरी गेले तर आई खुशीत होती. यादीवर मोठ्या साहेबांची सही झाल्याचं कुणीतरी तिला सांगितलं होतं. आम्ही शिरा केला. मी माझी वाटी तशीच झाकून ठेवली.

गुरुवारी मी पुन्हा वॉर्डात गेले. बाईंची पिशवी होती तशीच होती. मी एका नर्सला विचारलं की यांची नळी कधी काढणार. ती म्हणाली, उद्या बघू. बाई पुस्तक वाचत होत्या. ताप नव्हता. मी तक्त्यावर तीनदा पाहिलं. नाही ना आला, मी स्वतःला सांगितलं, हिला नाही येणार. बाहेर पडताना व्हरांड्याच्या टोकाला आई दिसली, हातात ते भांडं घेऊन मोरीकडं निघालेली. मला बघून तिनं मान हलवली. मी पाठ फिरवून जिना उतरले.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला वॉर्डच्या दारातूनच मला आवाज ऐकू आला. लोखंडी खाट खडखडत होती. प्रतिभाबाई दोन ब्लँकेटखाली थरथरत होत्या, दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. आई त्यांचे पाय धरून बसली होती आणि म्हणत होती, “थांबतंय हां बाई, आत्ता थांबतंय.”

मी तिथून पळाले. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन सात फाइली उचलल्या. सर काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. तळघरात लॅब होती, तिथं डॉ. शमीम मुजावर बसायच्या. जंतूंचे रिपोर्ट त्याच करायच्या. कमी बोलणारी बाई, आठ महिन्यांत माझ्याशी चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या. मी फाइली त्यांच्यापुढं टाकल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खाटा, तारखा, भांडं, तोटी. शेवटी सांगितलं की ते भांडं माझी आई वापरते.

त्यांनी माझं चिठोरं बराच वेळ पाहिलं. “हा जंतू मला तीन आठवडे दिसतोय,” त्या म्हणाल्या. “वर दोनदा लिहिलं मी. पण माझ्याकडं कागदावर पेशंटचा नंबर येतो, खाट येत नाही. खाटा तुझ्याकडं होत्या.”

मग त्या उठल्या, हातमोजे घातले आणि माझ्यासोबत वॉर्डात आल्या. भांडं मोरीत पालथं घातलेलं होतं. त्यांनी त्याच्या काठावरून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. वॉर्डातल्या कुणाकुणाच्या नळ्या आजच काढता येतील ते डॉक्टरांना विचारून काढायला लावल्या. स्टोअरची चावी स्वतः मागवली. आई एका बाजूला उभी राहून सगळं पाहत होती. मुजावर मॅडमनी तिला हळू आवाजात विचारलं, तेव्हा तिनं मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, दोन्ही हातांनी दाखवून. सांगता सांगता तिचे हात थांबले. तिला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, चौदा नंबरकडं पाहिलं.

रविवारी नमुन्याचा निकाल आला. तोच जंतू, तोच तक्ता.

प्रतिभाबाई नऊ दिवस आयसीयूत होत्या. मधे दोन दिवस असे होते की त्यांच्या नवऱ्याला बोलावून बाहेर थांबायला सांगितलं होतं. त्या वाचल्या. एक मूत्रपिंड कायमचं कमजोर झालं. त्यांची फाइल माझ्याकडं आली तेव्हा यादवाडकर सर उठून माझ्या टेबलापाशी आले, मी लिहिलेला टी ८३.५ आणि वाय ९५ पाहिला आणि खाली माझ्या सहीशेजारी आपली सही केली. मग म्हणाले, त्या सातही फाइली काढा. प्रत्येक डॉक्टरला लेखी विचारायचं, हा संसर्ग नळीमुळे झाला का. सहा जणींच्या डॉक्टरांनी हो लिहून दिलं. गोदाबाईंच्या डॉक्टरांनी कागद परत पाठवला. त्या फाइलीवर अजूनही हृदयक्रियाच असेल.

चौकशी झाली. आई म्हणाली, भांडी नाहीत म्हणून मी तीनदा सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, मला कुणी काही सांगितलं नाही. लेखी कुठंच नव्हतं. आईचं नाव यादीतून काढलं आणि तिला धुलाईखान्यात पाठवलं. बाकी कुणाचं काही झालं नाही. खिडकीच्या बाजूच्या रांगेत मात्र पुन्हा तसा ताप आला नाही.

त्या सगळ्या दिवसांत आई मला एक शब्द लागेलसा बोलली नाही. मी वाट बघत होते. मला वाटायचं, ती म्हणेल, पोटच्या पोरीनं दाखवून दिलं. त्यावर काय बोलायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं.

प्रतिभाबाई घरी गेल्यानंतरच्या रविवारी, दुपारी, आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, “वैजू, तुला कवा कळलं?”

शुक्रवारी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचे डोळे माझ्यावर होते.

“मंगळवारी,” मी म्हणाले. “तू भांडं सांगितलंस तेव्हाच.”

मग तिनं उजव्या हाताचा अंगठा बोटाच्या पेरांवर ठेवला आणि मोजू लागली. “बुधवारी सकाळी. बुधवारी दुपारी पाळी सुटताना. बेस्तरवारी सकाळी. बेस्तरवारी दुपारी. शुक्रवारी सकाळी.” पाचव्या पेरावर अंगठा थांबला. “पाचदा मी त्या बाईची पिशवी मोकळी केली, वैजू. मला ठावं न्हवतं. तुला ठावं हुतं.”

“आई, यादी लागली होती. तुझी नोकरी गेली असती.”

“माझी नोकरी हुती न्हवं?” ती म्हणाली. “मग मला इचारायचंस.”

मी आजवर कितीतरी मुलामुलींना हे काम शिकवलंय. त्या दिवसांबद्दल त्यांना सांगताना मी मंगळवारानंतर थेट शुक्रवारवर येते. हे पहिल्यांदाच लिहितेय.

आई उठली. लुगडं झटकलं, तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या. हुलवानबाईंचं घर कुठं, तिनं विचारलं. पेशंटचा पत्ता द्यायचा नसतो, असं मी बोलून गेले. ती म्हणाली, नको देऊ, शाळेपाशी कुणीही सांगेल. मी सोबत येते म्हणाले तर तिनं हातानंच नको केलं.

दारात उभी राहून मी तिला वळणापर्यंत जाताना पाहिलं. हुलवानबाईंच्या घरी ती काय बोलेल, बाईंचा नवरा काय करेल, तो हात उचलेल का, पोलिसांकडं जाईल का, हे सगळं माझ्या डोक्यात घुमत राहिलं. दोन तास मी घरातून दारात आणि दारातून घरात करत होते. त्या दोन तासांइतकी मी त्याआधीच्या तीन आठवड्यांतही घाबरले नव्हते.

दिवे लागायच्या सुमाराला ती आली. चपला काढून कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि आत जाऊन पाणी प्यायली.

“काय म्हणाल्या बाई?” मी विचारलं.

“च्या केला त्यांनी,” आई म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.